प्युरिटन पूर्वज शोधताय? आधी एवढंच करा

सुनेच्या माहेरचा प्युरिटन मूळपुरुष, म्हणजे धर्मासाठी इंग्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या प्रोटेस्टंट पंथातला, मॅसॅच्युसेट्समध्ये शोधायला निघालात, फार छान! फक्त ते लोक तिथे मोठ्या संख्येने आले त्या १६३० पासून सुरुवात करू नका. तिच्या आजोबांपासून एकेक पिढी पुराव्यानिशी मागे जा. इंग्लंडमधलं गाव सध्या राहू द्या.

नवखे इथे हमखास चुकतात:

- नाव जुळलं की माणूस सापडला, असं धरतात. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असायचे.
- तारखा. १७५२ पर्यंत तिथलं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न मे १६४१ आणि मूल फेब्रुवारी १६४१ दिसलं, तर तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४२चा.
- नाती. मृत्युपत्रातला ‘सन’ जावईही असतो, ‘कझिन’ पुतण्या किंवा भाचाही.

मृत्युपत्रं मात्र सावकाश वाचा. लेकींची सासरची नावं, कुणाला गाय, कुणाला बिछाना, सगळं तिथे असतं. माझ्या मते माणूस खरा भेटतो तो त्याच कागदांत.

इंटरनेटवरच्या तयार वंशावळी नुसता धागा म्हणून घ्या. त्याआधी बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटीचा ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्प पाहा; त्यात या सुरुवातीच्या स्थलांतरितांची पुराव्यानिशी माहिती आहे. अडलात तर विचारा.