पॉइंट टू टू रायफलला 24 पटीचा स्कोप लावला तर 200 मीटरवर नेम बसेल का?

तुम्ही कोल्हापूरचेच आहात, परवान्यावरची पॉइंट टू टू, म्हणजे .22 ची, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हातानं खटका ओढायची) आहे, 6 ते 24 पटीचा स्कोप मागवताय आणि परदेशी व्हिडिओत बिळाशी बसलेले प्राणी लांबून टिपतात तसं जमेल का, असं विचारलंय. 24 पट हा आकडा वाचला आणि लिहायला बसलो. याच आकड्यावरून आमच्या घरात नऊ वर्षं वाद चाललाय.

सरळ उत्तर, नाही बसणार. अमेरिकेतल्या माळांवर प्रेअरी डॉग, म्हणजे बिळात राहणारे खारीच्या जातीचे प्राणी, मारतात ते .223 नाहीतर .22-250 काडतुसानं. नावात बावीस असलं तरी ती काडतुसं वेगळी, त्यांच्या गोळीचा वेग आपल्या जवळजवळ तिप्पट. आपली स्टँडर्ड गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास सुटते. 50 मीटरला झिरो केली, म्हणजे नेम तिथं बरोबर बसेल असा स्कोप लावला, तर 100 ला ती वीतभर खाली लागते आणि 200 ला जवळजवळ पुरुषभर. त्यात ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा असेल तर 100 मीटरलाच चार बोटं सरकते. यातलं काहीही भिंग मोठं केल्यानं बदलत नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गारगोटीकडे शेती करतो. रायफल त्याची. मी तरुणपणी दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सहा वर्षं घासलेली, म्हणून सेटिंगचं काम माझ्याकडे आलं. साधा 4 पटीचा स्कोप बसवला. मे महिन्यात 50 मीटरला पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकत होत्या. ऑगस्टमध्ये पुन्हा रेंजवर गेलो, तर पहिल्या दोन जागेवर आणि पुढच्या उजवीकडे वर चढत चाललेल्या. पाच गोळ्यांना तळहात पुरेना. दादा म्हणाला, "भिंगच बारीक हाय तुझं. मोठा झूम घेऊया." घेतला. 6 ते 24, पुढची काच 50 मिलिमीटरची. पुन्हा तेच, तळहातभर. मग गणपतीत सगळे पाहुणे जमलेले असताना तो बोलला, "ह्याचा डोळा गेला आता." ते मला लागलं. अजून लागतं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या सोप्यात, त्याच्यासमोर, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून पोत्यावर आडवी ठेवली आणि नळी व लाकडी स्टॉक (दस्ता) यांच्या फटीत दहाची नोट घातली. ती पुढच्या टोकापासून पार चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, जवळपर्यंत सुळकन जायला पाहिजे. डाव्या बाजूला चार बोटं गेली आणि अडकली. पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं, कारण स्टॉकला बाहेरून पॉलिश आणि आतल्या खोबणीत कोरं लाकूड. फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूनं रेटत होतं आणि नळी तापेल तसा तो रेटा बदलत होता. जाडसर पॉलिश पेपर पाइपच्या तुकड्याला गुंडाळून तासभर खोबण घासली, आतून पातळ व्हार्निशचे तीन हात दिले, वाळल्यावर रायफल स्टॉकला धरणारे अ‍ॅक्शनचे स्क्रू सारखे आवळले. नोट आरपार. पुढच्या रविवारी रेंजवर पाचही गोळ्या परत रुपयाखाली.

पण तेव्हा वर मोठा स्कोप होता. त्यामुळे दादा आजतागायत सांगतो की स्कोप बदलला म्हणून रायफल सुधारली. जुना 4 पटीचा लावून बघू म्हटलं की विषय बदलतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, पैसे काढण्याआधी नोट घालून बघा. मग रिंगा, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्या. पॉइंट टू टूवर बहुतेक वेळा 11 मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तिच्यावर वीव्हर नावाच्या वेगळ्या पट्टीच्या रिंगा बसत नाहीत. स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे आवळा. झोपून डोळे मिटा, गाल स्टॉकला टेकवा आणि मग डोळे उघडा. गोल पूर्ण दिसला पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप मागेपुढे सरकवा. हे झूम सगळ्यात मोठा ठेवून करायचं. 25 मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा, रायफल सपाट धरा आणि स्कोपमधली उभी तार दोरीशी जुळवा. ही तार कलली असेल तर लांबच्यासाठी स्कोपच्या बटणाचे क्लिक वर नेताना गोळी बाजूलाही जाते. बोल्ट काढून नळीतून खूण बघितली आणि स्कोपची तार त्याच खुणेवर आणली की पहिली गोळी कागदावर लागते, काडतुसं वाया जात नाहीत. मोठ्या रायफलींच्या स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा हलला तरी तार खुणेवरून हलत नाही ते अंतर) बहुधा 100 यार्डाला बांधलेला असतो, 50 मीटरला डोळा हलला की तार हलते. तेव्हा पुढची काच फिरवून अंतर लावता येणारा घ्या, 4 ते 12 पटीचा. त्यापुढे स्वतःच्या छातीचे ठोके आणि उन्हाची लहर, एवढंच मोठं दिसतं.

भिंगाचंच म्हणाल तर आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) कांस्य जिंकलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनची (झोपून मारायची) जगज्जेती झाली. या दोन्ही प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते बारीक भोकातून बघून मारायचं.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण परवाना पीक संरक्षणाचा असला तरी त्यात प्राणी मारायची परवानगी येत नाही. ती वनखात्याची वेगळी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची होती, ती 2022 च्या दुरुस्तीनं गेली. रानडुकरावर पॉइंट टू टू चालवणं तर क्रूरपणा आहे, जनावर जखमी होऊन उसात शिरतं. आणि ही गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. उसाच्या फडाच्या दिशेनं कधीही नाही, आत भांगलणाऱ्या बायका दिसत नाहीत. कागदावर मारा, रेंजवर मारा.

दादा हे वाचणार नाही, त्याचा मुलगा वाचतो. बाळा, तो 4 पटीचा स्कोप रिंगांसकट माझ्या कपाटात आहे. दिवाळीला दादाला आणि रायफलीला घेऊन ये. रेंजवर पाच गोळ्या मारू, काडतुसं माझ्याकडून.