क्लच कव्हरचा बोल्ट नुसताच फिरतो

प्रश्न : क्लच कव्हरचा ६ मिमीचा बोल्ट आवळला तरी फिरतच राहतो. एपॉक्सी भरू का?

उत्तर : नको, आवळताच उखडेल. इंजिनच्या केसमधले ॲल्युमिनियमचे आटे गेलेत. लांब पान्याने जास्त आवळल्याचा परिणाम! हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. १ मिमी पिचसाठी (दोन आट्यांमधलं अंतर) ६.३ मिमी ड्रिल लागतं. भोकाची खोली मोजून ड्रिलला टेप गुंडाळा, नाहीतर ड्रिल केसच्या आरपार जाईल. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हेलिकॉइलच्या किटमधलाच हवा. केरोसीन लावून अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टॅप वाकडा गेला की कव्हरची भोकं जुळत नाहीत. ॲल्युमिनियमचा बुरा इंजिनात पडू देऊ नका. कॉइल काठाखाली अर्धा फेरा उतरवा, तिच्या खालच्या टोकाची शेपटी तोडून बाहेर काढाच. बोल्ट आवळायचा टॉर्क (पिळाचा जोर) साधारण १० न्यूटन-मीटर, बस.