टेपवरचे प्रोग्रॅम लॅपटॉपवर कसे घ्यायचे?

प्रश्न : बाबांच्या वर्कशॉपमधला जुना एनसी लेथ, म्हणजे भोकं पाडलेल्या टेपेवरच्या प्रोग्रॅमने चालणारा, विकला. त्याच्या कंट्रोलमधला उजेडावर चालणारा पेपर टेप रीडर मी काढून ठेवलाय, शिवाय बिस्किटांच्या डब्यांत साठेक टेपा आहेत. त्यांवरचे प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्यायचेत. रीडरला यूएसबी नाही, सिरियल पोर्ट नाही, नुसता पंचवीस पिनांचा कनेक्टर आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : कनेक्टर राहू दे बाजूला. आधी एक टेप खिडकीशी उजेडात धरा. आडव्या ओळीत जास्तीत जास्त आठ मोठी भोकं आणि एक बारीक. हे बारीक भोक मधोमध नसतं; त्याच्या एका अंगाला तीन मोठी भोकं मावतात, दुसऱ्या अंगाला पाच. आता दहा-बारा ओळींतली मोठी भोकं मोजा. दर ओळीत सम आली तर टेप आयएसओ कोडची, विषम आली तर ईआयएची. आयएसओ असेल तर निम्मं काम झालं : आठव्या रांगेतलं (रांग म्हणजे टेपेच्या लांबीने जाणारी) पॅरिटीचं, म्हणजे चूक पकडायला भोकांची संख्या सम करणारं, भोक वजा केलं की उरतं ते सरळ आस्की, म्हणजे संगणकाचा नेहमीचा अक्षरकोड. ईआयएला मात्र अक्षरागणिक तक्ता करावा लागतो. तिथे शून्य म्हणजे सहाव्या रांगेतलं एकुलतं एक भोक आणि ब्लॉकचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका ओळीचा, शेवट म्हणजे आठव्या रांगेतलं.

मग वायरी. आठ डेटाच्या, एक बारीक भोकाची, एक 'पुढे सरक' सांगणारी, आणि ग्राउंड. मॅन्युअल नसेल तर रीडर चालू करून टेप हाताने एकेक ओळ सरकवा आणि मल्टिमीटरने पिना हुडका. व्होल्टेज आधी बघा. काही जुने रीडर पाचऐवजी बारा व्होल्ट देतात. भोक आलं की पाच मिळतात की शून्य, तेही लिहून ठेवा, कारण दोन्ही प्रकार सापडतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, त्याला पाच थेट दिलेत तर तो जाईल. मी अर्डुइनो उनो हा पाच व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतो : बारीक भोक २ नंबरच्या पिनेवर, डेटा ४ ते ११ वर, 'पुढे सरक' १२ वर. ० आणि १ सोडून द्या, त्या यूएसबीच्या बोलण्याला लागतात.

खरी गोम बारीक भोकात आहे. ते बारीक का? ते उजेडाखाली येतं तेव्हा मोठी भोकं आधीच पुरती उघडलेली असतात, आणि ती मिटायच्या आत ते मिटतं. म्हणून २ नंबरच्या पिनेने हाक मारली की तेवढ्यातच आठ वायरी वाचायच्या. 'दर अमुक मिलिसेकंदाला वाच' असा प्रोग्रॅम लिहू नका. मोटर सुरू होताना रेंगाळते आणि एखादं अक्षर दोनदा येतं, एखादं गिळलं जातं. घाईचं काम मुळीच नाही. रीडर सेकंदाला ३०० अक्षरं वाचणारा असला तरी एका अक्षराला तीन मिलिसेकंदांहून जास्त वेळ मिळतो. अर्डुइनो तेवढ्यात डुलकी काढून येईल.

माझी फजिती सांगतो. एक टेप चढवली, तिनाची बाजू जुळवून घेतली, म्हणून निर्धास्त होतो. पॅरिटीची चूक एकही नाही, पण प्रोग्रॅमचा अर्थच लागेना. संध्याकाळ गेली. शेवटी पहिल्याच ओळीत '०३एम' दिसलं आणि कपाळाला हात लावला! प्रोग्रॅम संपल्याची खूण 'एम३०' उलटी आली होती. आधीच्या मिस्त्रीने टेप परत गुंडाळली नव्हती, बाहेरचं टोक शेपटाचं होतं, आणि मी ते पालथं घालून चढवलं होतं. तसं घातलं की तिनाची बाजू बरोबर जुळते, फक्त वाचन शेवटाकडून होतं.

रीडरचा रबरी रोलर चिकट झाला असेल तर आधी बदला, नाहीतर टेप फाटेल. जुन्या सेलोटेपचे जोडही पारखून घ्या. प्रत्येक टेप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली ताडून बघा. एका ओळीत दोन भोकं चुकली तर पॅरिटीला पत्ता लागत नाही. मूळ आठ बिटांची फाइल तशीच ठेवा, आस्की वेगळी करा. आणि डबे भंगारात देऊ नका. टेपांच्या कोऱ्या सुरुवातीवर पेन्सिलीने जॉबचा नंबर लिहायची पद्धत होती. बाबांचं अक्षर ओळखता येईल तुम्हाला.

प्रश्न : एएसआर-३३ या जुन्या टेलिटाइपचा (तारेने मजकूर पाठवणाऱ्या टाइपरायटरचा) टेप रीडर यूएसबी केबलने जोडायचाय. वेग ११० बॉड, म्हणजे सेकंदाला ११० बिट, ठेवला तरी कचराच येतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : केबलमध्ये यूएसबीचं सिरियल करणारी एफटी२३२आर चिप असेल तर ती १८३ बॉडच्या खाली उतरतच नाही. १६ मेगाहर्ट्झच्या उनोचा हार्डवेअर सिरियलही २४४ ला अडतो. म्हणून उनोवर एकेक बिट ९.०९ मिलिसेकंद मोजून सॉफ्टवेअरनेच वाचा : एक स्टार्ट, आठ डेटा, दोन स्टॉप, सेकंदाला दहा अक्षरं. आणि टेलिटाइपमधून येणाऱ्या दोन वायरी २० मिलिॲम्पिअरच्या करंट लूपच्या आहेत, म्हणजे त्यांत खूण व्होल्टेजने नाही, करंट चालू-बंद करून जाते. मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे दोन सर्किटं वेगळी ठेवून उजेडाने खूण पोचवणारा भाग, घातल्याशिवाय त्या कशालाच जोडू नका.