बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या जुन्या आउटबोर्ड इंजिनाची चावी फिरवली की नुसतं 'टक' होतं, सेल्फ (स्टार्टर) फिरत नाही. नवा स्टार्टर घ्यावा लागेल का?

आज तरी घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की इंजिन 40 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आहे, बॅटरी सहा महिन्यांची, चावी फिरवली की काउलिंगखाली (इंजिनाच्या झाकणाखाली) एकदाच 'टक' होतं आणि मेकॅनिक म्हणतो, "सेल्फ गेला, नवा टाका." हेच वाक्य ऐकून मी एकदा नवा सेल्फ आणलाय. जुना अजून आमच्या पडवीत पडून आहे आणि बॅटरी लावली की आजही मस्त फिरतो. देवबागला माझी पर्यटकांना फिरवणारी बोट आहे, त्यामुळे ऐन डिसेंबरात हा प्रकार झाला तेव्हा धीर धरवला नाही, एवढंच.

तुमचा तो 'टक' खरं तर चांगली बातमी आहे. तो रिलेचा, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचा आवाज. आमच्याकडे कोणी त्याला सोलेनॉइड म्हणतं, कोणी कटआउट. तो वाजतोय म्हणजे चावी, फ्यूज आणि गिअर न्यूट्रलला आहे की नाही ते बघणारा छोटा स्विच, तिघंही आपलं काम करताहेत. काहीच आवाज आला नसता तर आधी त्या तिघांकडे बघायला सांगितलं असतं. 'टकटकटकटक' अशी माळ लागली असती तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे, हे डोळे मिटून सांगितलं असतं. एकच ठाम 'टक' आणि पुढे शांतता, म्हणजे करंट रिलेपर्यंत येतोय, पण बहुधा सेल्फला हवा तेवढा मिळत नाहीये.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. पेट्रोलचा पाइप काढून टाकी लांब ठेवा आणि काउलिंग काढून जरा वारा लागू द्या, कारण ठिणगी उडू शकते. गिअर न्यूट्रलला ठेवा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी काढा आणि पंख्याजवळ कोणाला उभं करू नका. (काही मॉडेलमध्ये दोरी काढली की सेल्फही लागत नाही. तुमचं तसं असेल तर दोरी राहू द्या, प्लगच्या टोप्या काढून ब्लॉकला अर्थ करा.) मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, हाताने फिरवून बघा. बोट पावसाळाभर किनाऱ्यावर पडून असेल तर इंजिनच जाम असू शकतं किंवा सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. तसं असलं तर बिचारा सेल्फ काय करणार?

आता मल्टिमीटर, स्वस्तातला चालेल. 20 व्होल्ट डीसीवर लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. सगळे आकडे चावी फिरवलेली असतानाच बघायचे. नुसती ठेवलेली बॅटरी 12.6 दाखवेल आणि तुमचं समाधान होईल, पण त्याला काही अर्थ नाही.

पहिल्यांदा बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच मीटरच्या सुया टेकवा, क्लॅम्पवर नको. चावी फिरवल्यावर आकडा 10 च्या खाली घसरला तर संशय बॅटरीवर. सहा महिन्यांची असली तरी. बारावरच राहिला तर करंट वाहतच नाहीये, वाटेत कुठेतरी अडलाय. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. इथे 0.2-0.3 पेक्षा जास्त यायला नको. तसंच रिलेच्या दोन जाड बोल्टांवर. चावी न फिरवता तिथे 12 दिसतील, ते बरोबर आहे. पण 'टक' झाल्यावरही 12 च राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. रिले बदला, विषय संपला. शेवटी बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा बोल्ट, इथेही आकडा जितका कमी तितका बरा.

माझ्याकडे निगेटिव्हच्या बाजूला चार व्होल्टच्या वर आले होते. गंमत म्हणजे मेकॅनिकने ती केबल तपासली होती. मीटरचा बझर 'पीं' वाजला आणि त्याने "केबल ओके" म्हटलं. बझरला केबलमधली एक तार जरी जोडलेली असली तरी पुरते. सेल्फला शंभराच्या आसपास अँपिअर लागतात. तिथे 0.02 ओहमचा अडथळा असला तरी 2 व्होल्ट वाटेतच जातात, आणि एवढा बारीक अडथळा साध्या मीटरला ओहमवर दिसतच नाही. म्हणून केबल तपासायची ती ओझं टाकून, म्हणजे चावी फिरवलेली असताना.

ब्लेडने लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) रबर उभं चिरलं तर आत तांबं नव्हतंच, हिरवट पूड होती. बोटांत चुरली तर पाचसहा तारा तेवढ्या शिल्लक. वरून टेप गुळगुळीत, नवीकोरी दिसत होती. खारं पाणी तारांमधून वात चढावी तसं आत चढतं, आणि वरून टेप गुंडाळली की बाहेर पडायला वाट राहत नाही. ती केबल ट्रकच्या बॅटरीची होती. बोटीला कलई केलेल्या तांब्याची घ्या, जाड आणि होईल तेवढी आखूड. लग दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. बॅटरीवर फुलपाखरू नट असतील तर काढून नायलॉनवाले नट लावा, ते लाटांच्या दणक्यांनी ढिले होत नाहीत.

एवढं सगळं करून सेल्फच्या बोल्टवर दहा-अकरा व्होल्ट पोचताहेत आणि तरी तो हलत नाही, तर मग दोष त्याचाच. बहुतेक वेळा आतले कार्बन (ब्रश) झिजलेले असतात, ते ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो. पाना घेऊन ठोकू मात्र नका. कित्येक सेल्फमध्ये आत मॅग्नेट चिकटवलेले असतात, ते तडकले की मग खरंच नवा घ्यावा लागतो. लाकडी मुठीने हलकं टकटक करा, तेही किनाऱ्यावर परतण्यापुरतं. उद्या कधी सेल्फ 'घर्रर्र' फिरतोय पण इंजिन फिरत नाही असं झालं, तर बेंडिक्सचे (सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलला जोडणाऱ्या भागाचे) आटे धुवा आणि थेंबभर पातळ तेल सोडा. ग्रीस नको, त्यात वाळू बसते.

तोवर बोटीत गाठ मारलेली दोरी ठेवा. फ्लायव्हीलला खाच आहेच, तिच्यात गाठ अडकवून गुंडाळायची आणि ओढायची.

निगेटिव्ह बाजूचा आणि रिलेवरचा आकडा काय आला ते लिहा, मग पुढचं सांगतो.