बोअर नंतर, आधी मूठ

लष्कर, ग्वाल्हेर

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. परवाना काढून पहिलं हातशस्त्र कुठलं घ्यावं, असं विचारलंस. चार पानं लिहिलीस आणि त्यातली तीन नऊ एमएम चांगलं की पॉइंट फॉर्टीफाइव्ह यावरच खर्ची घातलीस. हे वाद अमेरिकेतले. तिथे ते शोभतात, कारण तिथल्या दुकानात दोन्ही शेजारीशेजारी मांडलेली असतात. आपल्याकडे बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, निकाल बराचसा कायद्यानेच लावून ठेवलाय. फौजेचं नऊ एमएमचं काडतूस ज्यातून उडू शकतं असं कुठलंही पिस्तूल म्हणजे पी.बी., प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना मनाई असलेलं. जुनी .380 आणि .455 ची रिव्हॉल्व्हरंही त्याच यादीत. त्यांचा परवाना कलेक्टर कचेरीतून मिळत नाही, तो दिल्लीच्या गृह मंत्रालयाच्या हातात आहे, आणि तुझ्यामाझ्यासारख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पॉइंट फॉर्टीफाइव्ह तर इथल्या काउंटरवर येतच नाही. तेव्हा ती तीन पानं घडी करून ठेव. तुझ्यासमोर खरी निवड आहे ती .32 किंवा .22 ची.

आता .32 म्हणजे एकच गोष्ट असं समजू नकोस. दुकानात ‘.32 ची डबी द्या’ म्हटलंस की दुकानदार विचारेल, रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची? रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग, 1896 सालची बनावट. पितळी पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली चांगली ठसठशीत कड, वर 98 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल तोंडाची शिशाची गोळी. पिस्तुलाचं काडतूस म्हणजे .32 एसीपी, ज्याला 7.65 पण म्हणतात. जॉन ब्राउनिंगने ते 1899 च्या सुमाराला आपल्या पिस्तुलासाठी बनवलं. ते आखूड, गोळी 71 ग्रेनची, तांब्याच्या आवरणातली, आणि बुडाची कड नखाला जेमतेम लागेल एवढीच. एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नाही, कधीच नाही. देशी काडतूस उलटं करून बघ, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतील. ती आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची खूण.

ताकदीचं म्हणशील तर .32 एसीपीचा जोर नऊ एमएमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. मित्र हसतील, हसू देत. त्यांच्यातल्या किती जणांनी दहा मीटरवरून पुठ्ठ्याच्या एका वितीत सहा गोळ्या बसवल्यात ते विचार.

तू ‘फुलसाइज’ म्हणतोस, तिथे मात्र मी तुझ्याबरोबर आहे. पहिलं शस्त्र पूर्ण मापाचं, वजनदार आणि लांब नळीचं असावं. का, ते थोडं गणित करून सांगतो. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंतचं अंतर 10 सेंटीमीटर आहे आणि तुझी माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर 15 सेंटीमीटर असेल तर चूक साडेसहा-पावणेसात सेंटीमीटरवर येते. हात तोच, नजर तीच. नवशिक्याची माशी एक मिलिमीटर नव्हे, दोन-दोन सरकते, म्हणून लांब शस्त्राची गरज त्याला जास्त.

वजनाचंही तेच. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातून ‘निर्भीक’ नावाचं .32 चं रिव्हॉल्व्हर आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, 500 ग्रॅमचं. पर्समध्ये मावेल असं म्हणून त्याची जाहिरात झाली, किंमत सव्वा लाखाच्या घरात. वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण शिकायला ते घेऊ नकोस. 2023 मध्ये कानपूरनेच ‘प्रबल’ काढलं, ते 675 ग्रॅमचं. गोळी तीच, बारूद तेवढीच, पण हलक्या रिव्हॉल्व्हरचा मागे येणारा झटका हिशेबाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो. खरं सांगायचं तर .32 चा झटका फार नसतोच, तू तो सोसशील. दुखणं वेगळं आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा मागचा घोडा हाताने न चढवता ओढायचा, तर चार-पाच किलोचा जोर लागतो. अर्ध्या किलोच्या वस्तूवर तिच्या आठ-दहा पट जोर लावशील तर ती जागेवर राहील कशी? गोळी सुटण्याआधीच नळी खाली झुकलेली असते. रेंजवर नव्या मुलांच्या गोळ्या खाली आणि डाव्या हाताला का जातात याचं निम्मं उत्तर इथे आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा तुझा दुसरा प्रश्न. सरकारी आयुध निर्माणीचं ‘अशनी’ हे .32 चं देशी पिस्तूल. चपटं असतं, हातात छान बसतं, मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, बदललं की पुन्हा तयार. पण ते मनगट घट्ट धरणाऱ्याचं आहे. मनगट ढिलं पडलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकते. .32 एसीपीची आणखी एक खोड आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि मॅगझिन तिथेच थांबतं. भरताना प्रत्येक वेळी वरची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे अंगठ्याने चाचपायचं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, पण नळीच्या घरात एक काडतूस बसलेलंच असतं. घरात सफाई करताना ज्या गोळ्या सुटतात त्यातल्या बऱ्याचशा या एका काडतुसाच्या असतात.

म्हणून माझं मत रिव्हॉल्व्हरला. कानपूरचं जुन्या पद्धतीचं .32 हे मूळच्या वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीच्या वळणाचं, मधून मोडणारं. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली वाकते, काडतुसं बसायच्या चक्रीच्या मधला तारा वर उचलला जातो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. भरलेलं आहे की रिकामं, हे अंधारात बोटाने कळतं. शिकणाऱ्याला एवढी एक गोष्ट मिळाली तरी मी बाकीचे दोष पोटात घालतो. दोष आहेतच. चाप खरखरीत असतो, एकाच बनावटीतली दोन नगं सारखी निघत नाहीत. त्यामुळे काउंटरवर एक दाखवलं आणि तेच बांधून घेतलं असं करू नकोस, तीन-चार काढायला लाव.

काढल्यावर काय बघायचं? आधी स्वतः मोडून सहाही घरं रिकामी आहेत याची खात्री कर, दुकानदाराने सांगितलं असलं तरी. मग बिजागरीशी नळी आणि मूठ धरून हलकेच हलव, खडखड आली तर खाली ठेव. आता दुकानदाराला विचारून घोडा अगदी सावकाश मागे ओढ. घोडा पूर्ण चढायच्या आत किंवा चढताचढता चक्री खट्कन जागेवर बसली पाहिजे. घोडा चढून गेला आणि चक्री अजून हलतेय, तर त्या घरातली गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येणार नाही आणि शिशाचे कण बाजूने उडतील. चाप दाबून धरलेला असताना चक्री बोटाने हलवून बघ, केसभर हलली तर चालेल. शेवटी रिव्हॉल्व्हर उजेडासमोर आडवं धरून चक्री आणि नळी यांच्यामधली फट बघ. कागद सरकेल एवढीच असावी आणि सहाही घरांना सारखी.

आणि मूठ. बोअरच्या आधी मला तीच विचारायला हवी होतीस. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी घट्ट बसव. नळी आणि तुझा कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले का? तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग, डबल अ‍ॅक्शनला फार तर पेराची घडी, चापावर ताण न देता पोचते का? करंगळी मुठीवर टेकते की खाली लोंबते? लोंबत असेल तर ते शस्त्र तुझ्या हाताला लहान आहे, किंमत काहीही असो. मग डोळे मिटून हात भिंतीकडे उचल आणि डोळे उघड. माशी खाचेत आपसूक आलेली असेल तर निम्मं काम झालं. चपलेच्या दुकानात तू पाय घालून चार पावलं चालून बघतोस ना, तेवढा वेळ इथेही घे.

.22 बद्दल तू लिहिलंस की ती ‘बच्चोंवाली’ आहे. हे कोणी शिकवलं? ऑलिंपिकच्या पिस्तूल स्पर्धांत बारुदाचं सगळ्यात मोठं बोअर .22 च आहे. आपल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये, म्हणजे फौजेच्या नेमबाजी पथकात, घडलेल्या विजयकुमारने 2012 मध्ये लंडनला 25 मीटर रॅपिड फायरचं रौप्य आणलं ते .22 वर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडला 25 मीटर पिस्तुलाचं सोनं घेतलं, तेही .22 वरच. .32 लाँगची स्पर्धा बघायची असेल तर ती सेंटर फायर, म्हणजे पिनचा घाव काडतुसाच्या मधोमध पडतो ती. जसपाल राणाने 1994 मध्ये हिरोशिमाच्या एशियाडला तिचंच सुवर्ण घेतलं होतं. पण ती ऑलिंपिकमध्ये नाही. तुला नेमबाजी आवडते असं पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहिलंस, ते खरं असेल तर आधी क्लबच्या .22 वर हात बसव. काडतूस स्वस्त, आवाज कमी, त्यामुळे डोळे मिटायची सवय लागत नाही. फक्त .22 रिकामी चालवू नकोस. तिचा पिनचा घाव काडतुसाच्या कडेवर पडतो, काडतूस नसलं की तो नळीच्या घराच्या काठावर बसतो आणि तिथे खळगा पडतो. घरी रिकामा सराव करायचाच तर .32 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस, घालून कर. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आता कागदपत्रं. 2019 पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तुझ्या आजोबांची बारा बोअरची दुनाळी तुझ्या नावावर करायचं चाललंय असं तुझी आई म्हणत होती. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं की वारसाला परवाना मागता येतो, तशी नियमात सोय आहे. म्हणजे दुनाळी अधिक रिव्हॉल्व्हर, की तुझा कोटा संपला. उद्या स्पर्धेसाठी .22 घ्यावीशी वाटली तर त्यातलं एक सोडावं लागेल, किंवा खेळाडूंच्या वेगळ्या सवलतीत बसावं लागेल. खंडेनवमीला दुनाळीला हळदकुंकू लावताना आजोबांचा चेहरा मी पाहिलाय, त्यामुळे ती तू सोडणार नाहीस हे मी धरून चालतो. मग दुसऱ्या जागेचा विचार दहा वेळा कर.

अर्जाबरोबर शस्त्रं आणि काडतुसं हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म एस-1. काही लोक ते नुसतं ‘करवून’ घेतात. तू खरोखर शीक, शिकल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही हे तुला माहीत आहे. नूतनीकरण आता पाच वर्षांनी. निवडणुका आल्या की ठाण्याचा निरोप येतो आणि शस्त्र जमा करावं लागतं, तेव्हा मूळ पावती घे आणि तिची झेरॉक्स घरी ठेव.

परवाना कशासाठी हवा, हे तू कुठेच लिहिलं नाहीस. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात हा प्रश्न कोणी विचारत नाही, जसं काही बंदूक हा घराचा उंबरठाच आहे. शिवपुरीत 2008 साली नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली होती, आणि 2019 मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदाराला दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा फोटो आणायला सांगितलं. दोन्ही बातम्यांवर लोक हसले, पण इथे परवान्याची हाव केवढी आहे हे त्यावरून कळतं. लग्नात हवेत गोळी झाडायची हौस असेल तर मला परत पत्र लिहू नकोस. हर्ष फायरिंगला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

होल्स्टरचं विचारलंस. कमरेवर उघडं, चमड्याचं, बटणाचं घेऊ नकोस, बाड्यावर, आपल्या बाजारचौकात, ते लावून फिरणारे तुला रोज दिसतात तरीही. नियम सांगतो की सार्वजनिक जागी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेलं असावं. तुला तर रेंजपर्यंतच न्यायचंय, त्यासाठी कुलपाची साधी पेटी आणि काडतुसांना वेगळी डबी पुरे. होल्स्टर पुढे लागलंच तर चाप पूर्ण झाकणारं, तुझ्याच मॉडेलच्या मापाचं घे, आणि घ्यायच्या आधी रिकामं रिव्हॉल्व्हर त्यात घालून वाकून, बसून, स्कूटरवर टेकून बघ. येत्या रविवारी सकाळी रेंजवर ये. हाताचं माप घेऊ, क्लबची .22 देतो, आणि तुझी नखं कापून ये, चापावर नख अडकतं.

तुझा,
काका