पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नसेल तर

प्रश्न : विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालायचे ठरवले. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली. तरीही संगणक दर वेळी थेट विंडोजमध्येच जातो. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यांनी मदरबोर्ड बदलायला सांगितले आहे. ते आवश्यक आहे का?
— एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : कृपया मदरबोर्डवर खर्च करू नये. विंडोज नीट सुरू होते आहे, त्या अर्थी दोष तेथे असण्याची शक्यता फारच कमी आहे; आपल्या वर्णनावरून तो पेनड्राइव्ह तयार करण्याच्या पद्धतीत दिसतो. आयएसओ ही संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते. संगणक सुरू होताना यूईएफआय (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरील अंगभूत प्रोग्राम) पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाच्या फोल्डरमधील बूट फाइल, म्हणजे सिस्टिम सुरू करणारी फाइल, शोधते, आणि आयएसओ नुसती कॉपी केली तर ती फाइल आतच बंद राहते. म्हणून रूफस किंवा बलेनाएचर या मोफत प्रोग्रामने आयएसओ पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. त्यात पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते.

रूफस वापरल्यास तो जीपीटी की एमबीआर (डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती) असे विचारतो. येथे अंदाजाने उत्तर देऊ नये. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायॉस मोड’ पाहावा. तेथे यूईएफआय असेल तर जीपीटी आणि लेगसी (यूईएफआयपूर्वीची जुनी पद्धत) असेल तर एमबीआर निवडावे. त्यानंतर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडावा, हा पर्याय न दिसल्यास संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी, जी कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते.

अनेक जण पहिल्याच अडचणीला सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सुरक्षा सेटिंग) बंद करण्याचा सल्ला देतात, तो मला घाईचा वाटतो, कारण मिंट सहसा ते चालू असतानाही सुरू होते. बंद करावेच लागले, तर आधी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासावे. चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना ही सेटिंग बदलल्यास विंडोज आणि त्यातील कागदपत्रे आपल्यालाच उघडता येणार नाहीत.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेले मिंट हार्ड डिस्कला हात न लावता वापरून पाहता येते. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून झाल्यावर, आणि घरातील छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्यावरच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करावे.