शेजारच्या काकांना इंजेक्शन, मग बाबांना का नाही?

प्रश्न: मागच्या महिन्यात सकाळी चहा पिता पिता बाबांचा (वय ६४) उजवा हात गळाला, कप पडला, बोलणं बोबडं झालं. शेजारच्या काकांना दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालेलं, त्यांना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि आठवड्यात चालायला लागले. बाबांना मात्र दिलंच नाही, "नस फुटलीय" एवढंच सांगितलं. डॉक्टरांचं चुकलं का, यावरून घरात अजून भांडणं चालू आहेत. बीपीच्या गोळ्या बाबांनी स्वतःच बंद केलेल्या. आणि तेव्हाच्या सीटीत पांढरा डाग होता तो आता काळा दिसतोय, म्हणजे वाढलाय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: भांडण मिटवा, डॉक्टरांचं बरोबर होतं. बाहेरून दोघांचा लकवा सारखाच दिसला तरी आत उलटा प्रकार होता. काकांची नस गुठळीने तुंबली होती, म्हणून साडेचार तासांच्या आत ते इंजेक्शन चाललं. बाबांची फुटली होती, तिथे तेच दिलं असतं तर रक्त थांबायचं सोडून अजून वाहिलं असतं. नुसतं बघून हे मलाही ओळखता येत नाही, सीटी लागतोच, आणि म्हणूनच लकवा आला की घरच्या घरी ॲस्पिरिन चघळायला देतात ना, ते नका करू.

आता नस का फुटली ते. मेंदूच्या मोठ्या धमनीतून केसांएवढ्या बारीक नसा थेट काटकोनात निघून खोल आत जातात, मेन लाइनला डायरेक्ट बारीक नळी जोडावी तशा, त्यामुळे प्रेशरचा मार त्यांच्यावर जास्त. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असलं की त्यांच्या भिंतीतले स्नायू जाऊन काचेसारखा ठिसूळ थर उरतो. १८६८ मध्ये पॅरिसला शार्को आणि बूशार या डॉक्टरांनी या नसांवर बारीक बारीक फुगे दाखवले (रक्त नेमकं त्या फुग्यांतूनच येतं का, यावर आम्ही पॅथॉलॉजीवाले आजही वाद घालतो!). या नसांच्या अगदी शेजारून हातापायांच्या तारांचा जुडगा जातो, त्यावर दाब आला की विरुद्ध बाजू लुळी. बाबांचं रक्त डावीकडे, हात गेला उजवा.

शवविच्छेदनाच्या टेबलावर मेंदूची चकती कापली की फरक हातालाच कळतो. नस तुंबून मेलेला भाग काही दिवसांनी अतिपिकलेल्या चिकूसारखा लिबलिबीत लागतो. रक्तस्रावात जांभळट काळा गोळा असतो आणि भोवतालचा मेंदू बराचसा नुसता बाजूला ढकललेला असतो. म्हणूनच यातून वाचलेल्या काही पेशंटचा हातपाय पुढे चांगला सुधारतो, फिजिओ सोडू नका.

डागाचं म्हणाल तर ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, ते विरघळत गेलं की काळं. सफाई करणाऱ्या पेशी ते हळूहळू उचलून नेतात आणि शेवटी एक चपटी फट उरते, कडा गंजासारख्या तपकिरी, रक्तातल्या लोहामुळे. काळा झाला म्हणजे वाढला असं नाही, तरी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवून न्यूरोवाल्यांना दाखवा, आणि बंद केलेली गोळी कुठली ते पाकिटासकट घेऊन जा.